परदेशाच्या दारातून परत फिरायची वेळ येऊ नये म्हणून

माझ्या पासपोर्टची मुदत संपायला पाच महिने आणि अकरा दिवस बाकी असताना मी बालीला जायला निघालो होतो. इंडोनेशियात उतरण्याच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते, हे मी कधीतरी वाचले होते आणि विसरलोही होतो. मुंबईच्या चेक-इन काउंटरवरील मुलीने बोटांवर महिने मोजले, शेजारच्या सहकाऱ्याला एकदा विचारले आणि पट्ट्यावर ठेवलेली माझी बॅग मलाच उतरवून घ्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी विदर्भ एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर पडून नागपूरला परतताना मला त्या मुलीचा रागच आला होता. तिने माझ्यावर उपकार केले होते, हे पुढे काही दिवसांनी शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले. तिने मला जाऊ दिले असते, तर हेच उत्तर मला तेथील विमानतळावर मिळाले असते आणि परतीच्या विमानाची वाट पाहत एका बंद खोलीत बसावे लागले असते.

तेव्हापासून नात्यातले आणि ओळखीचे कोणी परदेशी निघाले की मी त्यांची कागदपत्रे एकदा पाहून देतो. माझा अनुभव असा आहे की परदेशाच्या सीमेवरून परत पाठवली जाणारी माणसे बहुतेक वेळा लबाड नसतात. त्यांची चूक प्रवासाला निघण्याच्या महिनाभर आधी घरच्या टेबलावरच झालेली असते आणि ती काउंटरवर उघडी पडते.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मनेका गांधी खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र हा हक्क आपल्या देशाच्या दारातून बाहेर पडण्यापुरताच आहे, समोरच्या देशाने आपल्याला आत घ्यावे असा त्याचा अर्थ होत नाही. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असे आपण समजतो आणि सीताबर्डीतला एजंटही ‘व्हिसा झाला, आता काळजी नको’ असे सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन आत येऊ द्या असे विचारण्याची परवानगी असते. दार उघडायचे की नाही हे काउंटरवरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, आणि तो वरकरणी काहीही विचारत असला तरी त्याच्या मनात मुख्यतः एकच प्रश्न असतो: हा माणूस परत कधी आणि कसा जाणार? तुमच्या कागदांतून, बोलण्यातून आणि सामानातून या प्रश्नाचे एकच उत्तर निघाले, तर बहुतेक वेळा मिनिटभरात शिक्का बसतो.

तिकिटाआधी पासपोर्ट उघडावा

मुदतीचा हिशेब तिकीट काढण्याआधी करायचा असतो. थायलंड, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती अशा आपल्याकडच्या लोकांच्या नेहमीच्या बहुतेक देशांत सहा महिन्यांचा नियम आहे. युरोपातील शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, हिशेब वेगळा आहे. तेथून तुम्ही ज्या दिवशी बाहेर पडणार त्या दिवसानंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध असावा लागतो आणि तो गेल्या दहा वर्षांच्या आत दिलेला असावा लागतो. कुटुंबाने एकत्र प्रवास करताना हमखास चूक होते ती मुलांच्या पासपोर्टची, कारण मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो आणि लहान मुलांचा पाचच वर्षांचा. आईवडिलांचे पासपोर्ट एकाच दिवशी पाहून ‘सगळ्यांचे २०३१ पर्यंत आहेत’ असे ठरवणाऱ्या एका कुटुंबाच्या धाकट्या मुलाच्या पासपोर्टची मुदत प्रवासानंतर चौथ्या महिन्यातच संपत होती. ते निघण्याच्या पंधरा दिवस आधी लक्षात आले, म्हणून तत्काळ सेवेतून निभावले.

पासपोर्टची अवस्थाही पाहावी. पान फाटलेले, शिवण सुटलेली, फोटोवरचे आवरण फुगलेले, पावसात भिजून शाई पसरलेली किंवा पोराने मागच्या पानावर पेनाने रेघोट्या मारलेल्या, यांपैकी काहीही असेल तर नवा पासपोर्ट काढावा. खराब पासपोर्टच्या बाबतीत इंडोनेशियातील अधिकारी विशेष कडक असतात, आणि आपल्याला क्षुल्लक वाटणारा चीर गेलेला कोपरा त्यांना पासपोर्टमध्ये फेरफार केल्याचा पुरावा वाटू शकतो. हौसेने पर्यटनस्थळांचे स्मरणिका-शिक्के पासपोर्टवर मारून घेणारेही असतात. त्यांनी ती हौस वहीवर भागवावी.

फार थोड्यांना ठाऊक असलेली आणखी एक अडचण सांगतो. पासपोर्ट हरवला म्हणून पोलिसांत आणि पासपोर्ट कार्यालयात तक्रार दिली, नवा मिळाला आणि मग जुना कपाटातल्या साड्यांच्या घडीत सापडला, तर त्या जुन्या पासपोर्टवर कितीही मोलाचा व्हिसा असला तरी तो वापरण्याच्या मोहात पडू नये. हरवल्याची नोंद झालेल्या पासपोर्टांचे क्रमांक इंटरपोलच्या माहितीसाठ्यात जाऊ शकतात, आणि जगभरच्या इमिग्रेशन काउंटरवर ते तपासले जातात. तुम्ही स्वतः त्याचे मालक असलात तरी यंत्र तो हरवलेला किंवा चोरीचा म्हणूनच दाखवते.

नावाबद्दल मराठी माणसाने जरा जास्त जपावे, कारण आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तिहेरी रचना आहे आणि तिकिटाच्या अर्जात मात्र दोनच रकाने असतात. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात जे आहे तेच तिकिटावर नावाच्या रकान्यात आणि आडनावाच्या रकान्यात जे आहे तेच आडनावाच्या रकान्यात यावे. लग्नानंतर आधार कार्डावर बदललेले आणि पासपोर्टवर माहेरचेच राहिलेले नाव तिकिटावर घालू नये. जुन्या पिढीतील काही महिलांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने केवळ एक शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश देणे बंद केले, तेव्हा दुबईला मुलाकडे निघालेल्या कितीतरी आयांची पंचाईत झाली. पुढे पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास चालेल अशी सवलत आली, पण माझे मत असे की सवलतीच्या भरवशावर वृद्ध माणसाला एकटे पाठवू नये. पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा.

कामासाठी आखातात जाणाऱ्यांनी पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा उल्लेख आहे का, हे पाहावे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो सहसा असतो. असा पासपोर्ट घेऊन सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान यांसारख्या ठरलेल्या देशांत नोकरीला जायचे असेल, तर आधी आपल्याच सरकारची मंजुरी लागते. ती टाळण्यासाठी एजंट ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो’ असे सांगतो, आणि तेथेच फसवणुकीला सुरुवात झालेली असते. दहावी उत्तीर्ण असूनही जुना ईसीआर शेरा राहिला असेल, तर गुणपत्रिका दाखवून पासपोर्ट नव्याने घेता येतो.

व्हिसा नीट वाचावा

व्हिसा आल्यावर आपण त्यावरचा फोटो पाहतो आणि तो फाइलमध्ये ठेवतो. त्यावरची प्रत्येक ओळ पासपोर्टशी ताडून पाहावी. व्हिएतनामचा ई-व्हिसा हे याचे चांगले उदाहरण आहे. अर्ज आपणच भरलेला असल्यामुळे पासपोर्ट क्रमांकातला एक अंक चुकला किंवा जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे झाले, तरी व्हिसा तसाच छापून येतो आणि चूक विमानतळावर उघड होते. त्या व्हिसावर तुम्ही कोणत्या विमानतळावरून देशात येणार तेही लिहिलेले असते.

शेंगेन व्हिसावर दोन आकडे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हा एक, आणि त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल हा दुसरा. व्हिसा वर्षभराचा असला तरी कोणत्याही १८० दिवसांच्या कालखंडात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि येण्याचा व जाण्याचा हे दोन्ही दिवस मोजले जातात. समजा, एखादे आजोबा जर्मनीतल्या लेकाकडे १० जानेवारी ते १० मार्च असे ६० दिवस राहून आले आणि १ जूनला पुन्हा गेले. ३० जूनपासून मागे १८० दिवस मोजले तर आधीचे सगळे ६० दिवस त्यात येतात, म्हणून त्यांना जूनचे तीसच दिवस मिळतात आणि १ जुलैला ते बेकायदा ठरतात. पूर्वी हा हिशेब शिक्के पाहून करावा लागे आणि घाईत कधी सुटूनही जात असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने ‘एंट्री-एक्झिट सिस्टीम’ टप्प्याटप्प्याने लागू केली आहे. तिच्यात बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्याजाण्याची नोंद होते आणि दिवस संगणकच मोजतो.

प्रवेश एकदाच की अनेकदा, हेही व्हिसावर लिहिलेले असते. पॅरिस पाहून लंडनला जायचे आणि मग रोमला यायचे असा कार्यक्रम आखताना ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, हे लक्षात घ्यावे. त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतोच, शिवाय लंडनहून रोमला येणे हा शेंगेनमधला दुसरा प्रवेश ठरतो. हातात एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर सहल लंडनलाच संपते.

विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागू शकतो, हे स्वस्त तिकिटाच्या आनंदात विसरले जाते. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी व्हिसा हवाच. दोन वेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे काढली असतील, तर मधल्या विमानतळावर बॅग स्वतः घेऊन पुन्हा जमा करावी लागते, आणि बॅगेच्या पट्ट्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी त्या देशात प्रवेश करावा लागतो. म्हणून माझा आग्रह असतो की मधे कितीही थांबे असोत, तिकीट एकच असावे.

ज्या देशांत व्हिसा लागत नाही तेथे लोक अधिक निष्काळजी होतात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाविना येण्याची मुभा दिली, पण १ जानेवारी २०२४ पासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरणेही सक्तीचे केले. थायलंडमध्ये असे कार्ड १ मे २०२५ पासून लागते आणि व्हिसा आवश्यक असलेल्या सिंगापूरमध्येही लागते. या तिन्ही देशांत हे कार्ड सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येते. शोधल्यावर सर्वांत वर दिसणारे आणि त्यासाठी डॉलर मागणारे संकेतस्थळ सरकारी नसते. शिवाय व्हिसा नसणे म्हणजे आधीची छाननी झालेली नसणे. जी तपासणी एरवी वकिलातीत झाली असती ती आता काउंटरवर होते, त्यामुळे परतीचे तिकीट, राहण्याची जागा आणि पुरेसे पैसे यांचा पुरावा व्हिसामुक्त देशातच अधिक नीट जवळ ठेवावा लागतो.

नेपाळ आणि भूतान आपल्याला परदेश वाटतच नाहीत. पशुपतिनाथाला निघालेल्या गटात कोणीतरी आधार कार्ड घेऊन येतोच. नेपाळला विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनाच चालते. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच दाखवावे लागते.

पहिली सीमा सोनेगावलाच लागते

ज्या प्रवाशाला प्रवेश नाकारला जातो त्याला विमान कंपन्यांच्या भाषेत ‘इनॅड’ म्हणतात. त्याला परत नेण्याची जबाबदारी ज्या कंपनीने आणले तिच्यावर येते, आणि अनेक देश अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणल्याबद्दल कंपनीला दंडही करतात. त्यामुळे चेक-इन काउंटरवरील कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या संगणकीय नियमसंग्रहात तुमचा देश, पासपोर्ट आणि प्रवास टाकून पाहतात, आणि उत्तर नकारार्थी आले तर तुमचे कोणतेही म्हणणे चालत नाही.

नागपूरहून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच असल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना मुंबई किंवा दिल्लीमार्गे जावे लागते. तिकीट एकच असेल आणि बॅग थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत जात असेल, तर सोनेगावच्या विमानतळावरच आपली सगळी कागदपत्रे तपासून देण्याची विनंती काउंटरवर करावी. गर्दीच्या वेळी ते कंटाळतात, पण नम्रपणे आणि थोडे लवकर जाऊन विचारल्यास पाहतात. चूक येथे सापडली तर ऑटोने अर्ध्या तासात घरी पोहोचता येते. मुंबईला सापडली तर काय होते, हे मी वर सांगितलेच आहे.

काउंटरसमोरची दोन मिनिटे

मानेवाड्याच्या ओळखीच्या एक काकू पहिल्यांदाच अमेरिकेला निघाल्या होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते. व्हिसा, तिकीट, विमा सगळे चोख होते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी अधिकारी झालो आणि त्यांना विचारले, ‘कशासाठी आलात?’

‘मुलीचं बाळंतपण करायला,’ काकू म्हणाल्या.

‘तुम्ही डॉक्टर आहात का? की दाई?’

काकू खळखळून हसल्या, पण हेच वाक्य दुभाष्याने शब्दशः इंग्रजीत नेले तर ते काम करायला आल्यासारखे ऐकू येते, आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. मी पुढे विचारले, ‘किती दिवस राहणार?’

‘बघू, जावईबापू म्हणतील तसं.’

आपल्याकडे यापेक्षा सभ्य उत्तर असू शकत नाही. समोरच्या अधिकाऱ्याला मात्र त्यातून एवढेच कळते की या बाईंची परत जाण्याची तारीख ठरलेली नाही. मी तसे म्हटल्यावर काकू जरा रागावल्याच. ‘अहो भाऊ, लेकीच्या घरी जाऊन आपणच तारीख सांगायची म्हणजे कसं दिसतं ते?’ त्यांना हे पटवायला दोन कप चहा लागला की काउंटरवरच्या माणसापुढे पाहुणचाराच्या भाषेत बोलायचे नसते. शेवटी जे खरे होते तेच त्यांनी नेमक्या शब्दांत बसवले: मुलीला भेटायला आले आहे, तिला बाळ होणार आहे, तीन महिने राहीन, परतीचे तिकीट अमुक तारखेचे आहे, नागपूरला यजमान आणि घर आहे.

हा सराव खोटे बोलण्याचा नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पाठ केलेले खोटे दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते, आणि चुकीची माहिती देणे हा परत पाठवण्यापेक्षा गंभीर दोष मानला जातो. सराव करायचा तो खरे उत्तर थोडक्यात आणि तारखेसकट देण्याचा. विचारले तेवढेच सांगावे. इंग्रजी येत नसेल तर येत नाही असे सरळ सांगून हिंदी किंवा मराठी दुभाषा मागावा. न कळलेल्या प्रश्नाला मान डोलावून ‘येस’ म्हणणे सर्वांत घातक आहे. मुलीचा पत्ता, फोन नंबर आणि परतीचे तिकीट एका कागदावर छापून हातातल्या पर्समध्ये ठेवावे, कारण परदेशी उतरल्यावर फोनला नेटवर्क मिळेलच असे नाही. नवऱ्याने एक तारीख सांगावी आणि बायकोने दुसरी, असेही होते. म्हणून एकत्र जाणाऱ्यांनी विमानात बसण्याआधी कार्यक्रम एकदा एकमेकांना सांगून घ्यावा.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांपैकी अनेकांना आपण कोणत्या हॉटेलात उतरणार, हेच माहीत नसते. ‘टूर मॅनेजरला माहीत आहे’ हे उत्तर काउंटरवर चालत नाही, विशेषतः तो मॅनेजर रांगेत तुमच्या पुढे वीस माणसे असेल तेव्हा. एजंटने व्हिसासाठी जोडलेले हॉटेलचे बुकिंग नंतर रद्द केले आहे का, हेही विचारून घ्यावे. संशय आलाच तर अधिकारी हॉटेलला फोन लावून विचारू शकतो. व्हिसासाठी खोटे, म्हणजे ज्याला ‘डमी’ म्हणतात तसे तिकीट जोडून देणारे आपल्या शहरातही आहेत, आणि त्यांच्यापासून दूर राहणे हाच शहाणपणा आहे.

आजीआजोबांबरोबर किंवा आईवडिलांपैकी एकाबरोबरच लहान मूल जात असेल, तर न येणाऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर ठेवावा. ही कागदपत्रे प्रत्येक वेळी मागतीलच असे नाही.

वारंवार जाणाऱ्या पालकांसाठी एक वेगळी सूचना आहे. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी प्रत्येक भेटीत किती दिवस राहायचे ते प्रवेशाच्या वेळी ठरते आणि त्याची तारीख आय-९४ या नोंदीत असते. व्हिसाची मुदत आणि ती तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा महिने राहायचे, महिनाभर नागपूरला येऊन पुन्हा सहा महिने जायचे, असा क्रम दिसला की अधिकारी ‘तुम्ही येथे राहताच का?’ असे विचारणार. बाहेर राहिलेला काळ आत राहिलेल्या काळापेक्षा जास्त असलेला बरा.

बॅग आणि फोन काय सांगतात

‘फिरायला आलो’ म्हणणाऱ्या तरुणाच्या बॅगेत बायोडाटाच्या दहा प्रती, मूळ गुणपत्रिका आणि अनुभवाचे दाखले निघाले, तर त्याच्या तोंडच्या उत्तराला किंमत उरत नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या सीमेवर फोनही तपासला जाऊ शकतो. तुम्ही पर्यटक असाल आणि व्हॉट्सॲपवर ‘पोहोचलास की सोमवारपासून दुकानात ये’ असा मावसभावाचा निरोप असेल, तर अधिकारी मावसभावावर विश्वास ठेवतो. संदेश पुसून टाकण्याचा सल्ला मी देत नाही. कामच करायचे असेल तर कामाचाच व्हिसा घ्यावा, हाच सल्ला देतो.

खाण्याच्या पदार्थांच्या बाबतीत आपल्या आयांचा हात कोणी धरू शकत नाही. दिवाळीत दुबईच्या लेकासाठी फराळाचा डबा भरला जातो आणि त्यात अनारसे असतात. अनारशाला खसखस लागते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. तेथे हा प्रश्न प्रवेश नाकारण्यापुरता राहत नाही, तुरुंगापर्यंत जाऊ शकतो. अनारसे इकडे आल्यावर खायला घालावेत. त्याच देशात कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे नियंत्रित आहेत, म्हणून खोकल्याचे औषध आणि दुखण्याच्या गोळ्या नेण्याआधी त्यातले घटक वाचावेत, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि आवश्यक असल्यास तेथील आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. दुसऱ्याने ‘एवढं पाकीट भाच्याला द्या हो’ म्हणून दिलेले काहीही स्वतः उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये, मग देणारा सख्खा शेजारी का असेना.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला संत्री, बियाणे, तूप, लोणचे, आईने बांधून दिलेली तुळशीची काडी असे काहीही नेताना अर्जात ‘होय’ या रकान्यावर खूण करावी. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला मात्र शिक्षा होते. न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो, आणि ऑस्ट्रेलियात २०१९ पासून गंभीर प्रकरणी पर्यटकाचा व्हिसाच रद्द करून परत पाठवता येते.

आफ्रिकेत जंगल सफारीला जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होते. ते नसेल तर केनियासारख्या देशातून परतताना आपल्याच देशात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

नकार मिळालाच तर

बाजूच्या खोलीत बसवले म्हणजे नकार मिळाला असे नव्हे. दुसऱ्या फेरीची चौकशी अनेकांची होते आणि त्यातले बरेच जण तासाभराने बाहेर पडतात. त्या तासात आवाज चढवू नये, ओळखी सांगू नयेत आणि चुकूनही नोटा पुढे करू नयेत.

प्रवेश नाकारल्याचे सांगितले तर कारण लेखी मागावे. शेंगेन देशांत त्यासाठी ठरावीक नमुना असतो, त्यावर नेमक्या कारणापुढे खूण केलेली असते आणि निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. समजले नाही अशा कागदावर सही करू नये, आधी दुभाष्याकडून तो वाचून घ्यावा. अमेरिकेत तातडीने परत पाठवण्याचा आदेश निघाला तर सहसा पाच वर्षे तेथे जाता येत नाही. त्याऐवजी प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेण्याची परवानगी मिळाली, तर ती बंदी टळते. ती परवानगी देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते, पण विचारायला हरकत नसते. ताब्यात ठेवले असेल तर भारतीय वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. म्हणून घरी कोणाकडे तरी पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांच्या प्रती ठेवून जावे. परतीच्या विमानात पासपोर्ट बहुधा कर्मचाऱ्यांकडे असतो आणि तो उतरल्यावर मिळतो. कंपनी त्या तिकिटाचे पैसे नंतर तुमच्याकडे मागू शकते.

परत आल्यावर लाजेने तो कागद फाडून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तो जपून ठेवावा. पुढच्या व्हिसाच्या अर्जात ‘तुम्हाला कोणत्याही देशाने कधी प्रवेश नाकारला आहे का?’ असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. ब्रिटनमध्ये अशी माहिती लपवल्याचे उघड झाले तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. ‘होय’ लिहून त्याखाली तारीख, विमानतळ आणि कारण द्यावे, त्यानंतर काय दुरुस्त केले ते एका वाक्यात लिहावे आणि त्या कागदाची प्रत जोडावी.